सगळं बंद व्हायच्या आत

इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलेलं पत्र, थोडक्यात: 'मी कराडची. सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी इथे आले. आमच्या घरात पाचजणी राहतात, बाकी चौघी नाताळसाठी लंडनला आणि बर्मिंगहॅमला नातेवाइकांकडे चालल्या आहेत. मला इथे कुणी नाही. गोदामातलं एजन्सीचं काम २० तारखेला संपतंय, तेही आठवड्याला १० तासांच्या वर मिळालं नाही. खात्यात १७२ पौंड आहेत. १ जानेवारीला ३८० पौंड भाडं द्यायचंय. बँकेकडून शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता २३ जानेवारीच्या आसपास माझ्या खात्यात येईल. घरी मी रोज सांगते की सगळं छान चाललंय. हीटर लावायची भीती वाटते, मीटर भसाभस पैसे खातो. दुपारी चारला अंधार पडतो आणि मग रडू येतं. फूड बँकेचं कुणीतरी सुचवलं, पण बाबांनी एवढं कर्ज काढून पाठवलं आणि मी फुकटचं अन्न घ्यायला जायचं, हे मनाला पटत नाही. व्हिसाला काही होईल का, अशीही भीती आहे. मी काय करू?'

तुझं पत्र १२ तारखेचं आहे. आज मंगळवार, १६ डिसेंबर २०२५. आपल्या हातात जेमतेम एक आठवडा आहे, म्हणून आधी तारखांबद्दल सांगतो. ब्रिटनमध्ये नाताळ हा नुसता सण नसतो. त्या दिवसांत अख्खा देश दार लावून घरात बसतो. यंदा २५ तारीख गुरुवारी आहे. २६ ला बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आणि पुढे शनिवार-रविवार, म्हणजे बँका आणि कार्यालयं चार दिवस सलग बंद. विद्यापीठाची कार्यालयं साधारण २३-२४ तारखेला बंद होतात ती २ जानेवारीच्या पुढेमागे उघडतात. २५ ला रेल्वे धावत नाही आणि बहुतेक शहरांत बसही नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडता येत नाही, कोपऱ्यावरची छोटी दुकानं मात्र चालू राहू शकतात. तुला जी मदत मिळू शकते ती सगळी आहे, पण ती २३ तारखेच्या आत मागावी लागेल. दरवर्षी हेच होतं. मुलं 'बघू, निभेल' म्हणत २४ पर्यंत थांबतात आणि मग फोन करतात तेव्हा उचलायला कुणी नसतं.

आता हिशेब. तुझ्याकडे १७२ पौंड आहेत. शेवटच्या आठवड्याचे १० तास, तासाला १२ पौंड २१ पेन्स या २०२५ च्या किमान वेतनाने धरले तर १२२ पौंड यायचे आहेत. एकूण २९४. भाडं ३८०, म्हणजे तिथेच ८६ कमी. तुझ्या पत्राच्या तारखेपासून २३ जानेवारीपर्यंत सहा आठवडे होतात. जेवण आणि मीटर मिळून काटकसरीने आठवड्याला ३५ पौंड धरू, त्याचे २१० होतात. तुझी तूट २९६ पौंडांची आहे. ३०० म्हणू. रुपयांत साधारण ३६,०००. रक्कम छोटी नाही, पण रात्री पांघरुणात ती जेवढी मोठी दिसते तेवढी मोठी नाही. आता जिथे जिथे मदत मागशील तिथे 'मी अडचणीत आहे' असं म्हणू नकोस. '२३ जानेवारीपर्यंत मला ३०० पौंड कमी पडताहेत, हा हिशेब' असं सांग. आकडा हातात असला की समोरच्यालाही काय करायचं ते कळतं.

पहिला दरवाजा विद्यापीठाचा. जवळपास प्रत्येक विद्यापीठात हार्डशिप फंड (अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी) किंवा तातडीचं बिनव्याजी छोटं कर्ज असतं. पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो की ते फक्त ब्रिटिश मुलांसाठी आहे. तसं नाही. मोठी अनुदानं आपल्याला मिळत नाहीत, हे खरं. पण तातडीची रक्कम बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते. उद्या सकाळीच स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. ते लोक विद्यापीठाच्या व्यवस्थापनापासून वेगळे असतात, फी घेत नाहीत आणि अर्ज भरायला शेजारी बसतात. सोबत तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, भाडेकरार आणि कर्जमंजुरीचं पत्र ने. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा स्टेटमेंटमुळे. सगळ्या खात्यांची लागतात. मोन्झो किंवा रिव्होल्युटसारखं ॲपवरचं एखादं दुसरं खातं असेल आणि त्याचं जोडलं नाही, तर अर्ज परत येतो आणि तोवर सुट्टी लागते.

दुसरा दरवाजा भारतातला आहे, आणि तो फारसा कुणाला सुचत नाही. शैक्षणिक कर्जात फीबरोबर राहण्याखाण्याची रक्कमही मंजूर झालेली असते का, ते मंजुरीपत्रात बघ. असेल आणि ती पूर्ण उचललेली नसेल, तर त्यातला काही भाग आधी द्या, अशी विनंती बँकेला करता येते. त्यासाठी वडिलांना किंवा सहकर्जदाराला शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो. म्हणजे घरी सांगणं आलंच. त्यावर पुढे बोलू.

घरमालकाला आजच ईमेल कर, फोन नको. भाडं चुकवल्यानंतर माफी मागण्यापेक्षा आधी तारीख देणं केव्हाही बरं. दोनच ओळी पुरतात: '१ जानेवारीला १९० पौंड देते, उरलेले १९० २३ जानेवारीला देते. हे चालेल का, कृपया लेखी कळवा.' बहुतेक घरमालक याला हो म्हणतात, कारण त्यांनाही डिसेंबरात नवा भाडेकरू शोधायचा नसतो.

पगाराचंही एक बघून घे. तुझी एजन्सी शुक्रवारी पैसे देत असेल तर २६ चा शुक्रवार बँक हॉलिडे आहे. पगार २४ ला येणार की सोमवारी २९ ला, हे आजच विचार. नाताळच्या आठवड्यात टाइमशीट (कामाच्या तासांची नोंद) द्यायची मुदत एकदोन दिवस आधी येते आणि ती चुकली की पैसे थेट जानेवारीत. महिन्याच्या पगारावर नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत उलटं होतं: डिसेंबरचा पगार लवकर, २० च्या सुमाराला येतो आणि पुढचा थेट जानेवारीअखेर. चार आठवड्यांचे पैसे सहा आठवडे पुरवावे लागतात. हे वाचणाऱ्या इतरांनीही ध्यानात ठेवावं.

सुट्टीत जास्त काम करता येईल का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवंस. तुझ्या व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास आणि विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. टर्म शुक्रवारी १९ ला संपत असेल तर तो अख्खा आठवडा २० तासांचाच धर. रविवारपर्यंत एक तासही जास्त नको. विद्यापीठाकडून टर्मच्या तारखांचं पत्र घेऊन ठेव, एजन्सी मागते. गोदामांचं काम २३ नंतर ओसरतं, पण हॉटेलांत ३१ पर्यंत माणसं लागतात आणि केअर होम्सना वर्षभर लागतात. केअर होमसाठी मात्र पोलिसी पडताळणी लागते, ती आठ दिवसांत होईलच असं नाही. म्हणून आत्ता हॉटेलांमध्ये साफसफाई आणि भांडी धुण्याचं काम बघ. नाताळच्या दिवशी दुप्पट पैसे मिळतात असं गृहीत धरू नकोस, कायद्यात तसं काही नाही. ते करारात लिहिलेलं असेल तरच मिळतात.

आणि हे नीट वाच. याच दिवसांत इन्स्टाग्रामवर, टेलिग्रामवर मुलांना संदेश येतात: 'तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, १० टक्के तुझे.' बोलणारा कधीकधी आपल्याच भाषेतला असतो. हा पैसा चोरीचा असतो. यात खातं बंद होतंच, शिवाय फसवणुकीची नोंद सहा वर्षं राहते, ज्यामुळे दुसरं खातं उघडणंही कठीण होतं, आणि या गुन्ह्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भुकेपोटी कर्जाच्या ॲपवर जाऊ नकोस आणि यातही पडू नकोस.

आता फूड बँक. व्हिसाची भीती आधी काढून टाक. तुझ्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी निधीतून मदत घ्यायची नाही, ही अट आहे. या निधीत सरकारी भत्ते येतात, उदाहरणार्थ युनिव्हर्सल क्रेडिट, घरभाडं भत्ता, बालभत्ता. फूड बँक ही धर्मादाय मदत आहे, ती पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. चर्चचं जेवण, गुरुद्वाराचा लंगर, विद्यापीठाची मदत, डॉक्टरकडे जाणं, यातलं काहीही त्यात मोडत नाही. डॉक्टरचे पैसे तर तू व्हिसाच्या वेळीच भरलेस. जपायचं एकाच ठिकाणी: स्थानिक काउन्सिलकडून मिळणाऱ्या काही रोख मदती पब्लिक फंड्समध्ये मोडतात. तसा अर्ज कुणी पुढे केला तर सही करण्याआधी विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराला दाखव.

बऱ्याच फूड बँका ट्रसेल या संस्थेच्या जाळ्यातल्या आहेत आणि तिथे साधारणपणे आधी व्हाउचर लागतं. ते सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था, डॉक्टरचा दवाखाना किंवा स्टुडंट्स युनियनचं सल्ला केंद्र देतं. म्हणजे उद्याच्या एकाच फेरीत हार्डशिपचा अर्ज आणि व्हाउचर दोन्ही होतील. काही स्वतंत्र फूड बँका व्हाउचरशिवायही देतात. आत गेल्यावर काय होतं ते माहीत नसतं म्हणूनच पाय अडखळतात, तर ते असं असतं: चर्चच्या हॉलमध्ये चारपाच टेबलं मांडलेली असतात, एक स्वयंसेवक व्हाउचर घेऊन बसायला सांगतो, चहा देतो, घरात किती माणसं आहेत आणि काय खात नाही हे विचारतो. 'व्हेजिटेरियन' किंवा 'नो बीफ, नो पोर्क' एवढं स्पष्ट सांग, नाहीतर पिशवीत डबाबंद मांस येतं. कमीत कमी तीन दिवसांचं सामान मिळतं. पास्ता, बीन्सचे डबे, सूप, सीरियल, टिकणारं दूध, चहा असं असतं. घरी डबा उघडायचं साधन नसेल तर तेही सांग. मीटरसाठी फ्युएल व्हाउचर आहे का, हे मात्र आपणहून विचार. काही फूड बँका ते देतात, पण न विचारता सांगतीलच असं नाही. अनेक फूड बँका नाताळच्या दोनचार दिवस आधी शेवटचं वाटप करून जानेवारीतच उघडतात, म्हणून शनिवारच्या आत जा.

बाबांनी कर्ज काढलं ते तू शिकावीस म्हणून. सहा आठवडे टोस्टवर काढून जानेवारीच्या परीक्षेत भोवळ येऊन पडावीस म्हणून नाही. तुला ज्याची लाज वाटतेय त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, हे आम्ही मनापासून सांगतो.

मीटर भसाभस पैसे का खातो, ते सांगतो. काहीही न वापरता गॅस आणि वीज मिळून रोजचा स्थिर आकार (स्टँडिंग चार्ज) साधारण ८५ ते ९० पेन्स पडतो. घरात पाचजणी असताना तो विभागला जात होता, आता एकटीवर येतोय. हा आकार पाचही जणींनी भरला पाहिजे, कारण घर पाचजणींचं आहे, आणि रिकाम्या गारठलेल्या घरातले पाण्याचे पाइप फुटले तर नुकसानही पाचजणींचं. घराच्या ग्रुपवर आजच टाक: 'मी सुट्टीत एकटीच आहे. स्टँडिंग चार्ज आणि पाइप गोठू नयेत म्हणून थोडं हीटिंग यासाठी प्रत्येकीने ५ पौंड पाठवाल का? बाकी वापर माझा.' वीस पौंड येतील. मागायला संकोच वाटेल, तरी माग.

हीटरचं गणित असं: विजेचं एक युनिट २५ ते २७ पेन्सला पडतं. २ किलोवॉटचा फॅन हीटर तासाला दोन युनिटं घेतो, म्हणजे पन्नासहून जास्त पेन्स. १०० वॉटची इलेक्ट्रिक ब्लँकेट रात्रभर, आठ तास चालवली तरी एक युनिटही होत नाही. म्हणून खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवावा. गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन जोड मोजे, दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल. गॅसवरचं सेंट्रल हीटिंग असेल तर बाकी खोल्यांच्या रेडिएटरची चावी अगदी बारीक करून फक्त तुझ्या खोलीत १८ अंश ठेव, सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन. अजिबात बंद ठेवू नकोस, भिंतीला ओल धरते, बुरशी येते आणि खोकला मागे लागतो. कपडे खोलीत वाळत घालत असशील तर दिवसातून दहा मिनिटं खिडकी उघड. ओव्हन उघडा ठेवून किंवा शेगडीवर खोली तापवणं नको, त्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे.

प्रीपेमेंट मीटरला इमर्जन्सी क्रेडिट असतं, साधारण ५ ते १० पौंड. शिल्लक पौंड-दोन पौंडांवर आली की मीटरवरच चालू करता येतं, पुढच्या भरण्यात वळतं होतं. शिवाय रात्री, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला शिल्लक संपली तरी पुरवठा तोडत नाहीत. वेळा कंपनीनुसार बदलतात, त्या वेबसाइटवर बघून ठेव. पण ते फुकट नाही, तेवढं बाकी म्हणून चढत जातं आणि सोमवारी सकाळी शून्याच्या खाली असशील तर लाइट जाते. म्हणून बुधवारी २४ ला दुपारपर्यंत दोन्ही मीटर भर. चावी किंवा कार्डाचा मीटर असेल तर दुकान गाठावं लागतं, आणि त्या संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात.

खाण्याचं सोपं आहे, कारण नाताळच्या आधीच्या आठवड्यात इथल्या मोठ्या सुपरमार्केटांची भाज्यांवरून चढाओढ लागते. बटाटे, गाजरं, पार्सनिप, ब्रसेल्स स्प्राउट्स, कधी कोबीही. गेल्या काही वर्षांत एकेक पिशवी १५ पेन्सच्या आसपास गेली आहे. काही दुकानांत तो भाव मिळायला फुकटचं सदस्यकार्ड लागतं, ते आधी काढ. बटाटे आणि गाजरं दोनदोन पिशव्या घे, गारठ्यात सहज टिकतात. स्प्राउट्सना नाकं मुरडतात ते उकडल्यामुळे. जास्त वेळ उकडले की गंधकाचा वास सुटतो. आपण कोबी करतो तसे कर: उभे पातळ चिरून मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत, झाकण न ठेवता सहासात मिनिटं, वरून भिजवलेली थोडी हरभऱ्याची डाळ. लेस्टरमधल्या भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडला मसूर डाळ, तांदूळ आणि कणीक एकदाच मोठ्या पिशवीत घेतलीस तर महिनाभराची ददात मिटते. २४ च्या दुपारी पिवळ्या स्टिकरचा, म्हणजे भाव उतरवलेला पाव आणि दूध मिळालं तर पाव कापून फ्रीझरमध्ये टाक.

आता एकटेपणा. लेस्टरला या दिवसांत सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. त्यात तू खोलीतच बसून राहिलीस तर दिवसाचा उजेड अंगावर पडतच नाही, आणि चार वाजता रडू येतं ते काही अंशी यामुळे. बारा वाजायच्या आत रोज अर्धा तास बाहेर, पाऊस असला तरी. 'ड' जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घे, इथली आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांनाच ती घ्यायला सांगते. दोनतीन महिन्यांच्या गोळ्या अगदी स्वस्तात येतात.

२५ चा दिवस मोकळा सोडू नकोस. सकाळी पार्करन बघ: बागेत पाच किलोमीटर, फुकट, चाललं तरी चालतं. बऱ्याच बागांत नाताळलाही असतं, कोणत्या ते त्यांच्या यादीत मिळेल. दुपारच्या जेवणासाठी दोन वाटा आहेत. एक, चर्चमधलं सामुदायिक जेवण. एकटं असलेल्या कुणालाही येता येतं, धर्म विचारत नाहीत, पण ताटं मोजून करतात म्हणून नाव आधी द्यावं लागतं. विद्यापीठाच्या चॅप्लन्सीला (धर्मसेवा कार्यालयाला) आजच विचार, यादी त्यांच्याकडे असते. जाण्यायेण्यासाठी गाडी मिळेल का तेही विचार. दुसरी वाट गुरुद्वारा. गावात होली बोन्स नावाच्या रस्त्यावर गुरू नानक गुरुद्वारा आहे. लंगर सर्वांना खुला असतो.

आमचं मन दुसऱ्या वाटेकडे झुकतं, आणि कारण सांगतो. पाहुणी म्हणून जेवून परतलीस तर पोट भरेल, पण संध्याकाळ तशीच राहील. लंगरच्या स्वयंपाकघरात सेवेला हात लागतातच. 'मी सेवा करू का?' एवढं विचार. कांदे सोलायला किंवा पोळपाटाशी बसवतील. शेजारच्या बाया पंजाबीत बोलतील, अर्धं कळेल, तुझी चपाती त्यांच्यापेक्षा पातळ झाली म्हणून कुणीतरी बघायला येईल. फोन दोन तास पिशवीत राहील. २५ ला पहिल्यांदा जाण्यापेक्षा या रविवारी एकदा जाऊन ये, म्हणजे त्या दिवशी ओळखीचा एक तरी चेहरा असेल.

घरी सांगायचं कसं? बाबांना एकदम नको वाटत असेल तर बहीण, भाऊ, मामा, ज्याच्याशी मोकळं बोलतेस त्याला आधी सांग. आकडा सांग, तू आधीच काय काय केलंस ते सांग, आणि बँकेत काय करायचं ते सांग. भारतात २५ ला बँका बंद आणि पैसे पोचायला दोनतीन कामाचे दिवस, म्हणून ते या आठवड्यातच व्हायला हवं. 'सगळं छान' हे वाक्य रोज म्हणण्याने तुझी जी ओढाताण होतेय ती पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. आईला तू हसलीस की नाही हे साडेपाच तासांच्या अंतरावरूनही कळत असणार.

रडणं थांबत नसेल, झोप उडाली असेल, किंवा जगू नये असा विचार एकदाही आला तर ११६ १२३ लाव. समॅरिटन्सचा नंबर आहे, फुकट, २४ तास, नाताळलाही. इंग्रजी अडखळत बोललीस तरी ते थांबतात. बोलवत नसेल तर ८५२५८ वर इंग्रजीत 'शाउट' असा मेसेज कर. १११ लावून २ दाबलं की आरोग्यसेवेची मानसिक आरोग्याची टीम मिळते. जिवाला धोका असेल तर ९९९. हे नंबर आत्ताच फोनमध्ये घाल.

तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना एक विनंती. ओळखीत अशी मुलगी असेल तर 'कधीही ये गं' म्हणू नका, त्यावर कुणी येत नाही. 'गुरुवारी साडेबाराला घ्यायला येतो, रात्री आठला सोडतो' असं म्हणा. त्या दिवशी बस नसते, आणि तिच्याकडे टॅक्सीचे पैसे नसतात.

तू शेवटी ताजा कलम लिहिला होतास, की अशा ठिकाणी जाताना काय न्यावं लागतं. चर्चला काही नको. गुरुद्वारात डोकं झाकायला ओढणी ने, विसरलीस तर दाराशीच रुमालांची टोपली असते. चपला काढून ठेवायच्या असतात, तेव्हा मोजे कोरडे घाल. फरशी फार गार असते.